छोट्या रीफ टाकीतील क्लाउनफिशची जोडी

अथांग

छोटी रीफ टाकी, म्हणजे प्रवाळे असलेली खाऱ्या पाण्याची टाकी, उभी करणाऱ्याला पहिला मासा म्हणून क्लाउनफिशची जोडी सुचवली जाते आणि तो सल्ला योग्यच आहे. मात्र त्यामागचे खरे कारण बहुधा कोणी सांगत नाही. हा मासा काटक आहे, देखणा आहे आणि टाकीतच पैदास झालेला सहज मिळतो, हे सगळे खरे. पण छोट्या टाकीत तो रमतो तो त्याच्या घरकोंबड्या स्वभावामुळे. समुद्रात क्लाउनफिश आपले सारे प्रौढ आयुष्य एकाच ॲनिमोनच्या (डंख करणाऱ्या शुंडकांच्या, फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याच्या) आसपास काढतो आणि तिथून काही मीटरपेक्षा दूर क्वचितच जातो. टँगसारखा दिवसभर खडकाच्या कडेने पोहत राहणारा मासा ७५ लिटरांत कोंडणे हा त्याच्यावर अन्यायच आहे. क्लाउनफिशच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

याच स्वभावाची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. जोडी जुळली आणि तिने एखादा कोपरा आपला मानला, की त्या कोपऱ्याची हद्द वाढत जाते आणि छोट्या टाकीत ती बघता बघता समोरच्या काचेपर्यंत येऊन ठेपते. म्हणून टाकी मांडण्याआधीच मनाशी पक्के करावे की ही टाकी या दोघांची आहे. खडक कसे रचायचे, कोणती प्रवाळे कुठे लावायची, तिसरा मासा आणायचा की नाही, हे सगळे प्रश्न त्यानंतरचे. आधी चार-पाच मासे सोडून शेवटी त्यात क्लाउनफिशची जोडी बसवायला गेल्यास बहुतेक वेळा हाणामारी पाहावी लागते.

जोडी निवडताना त्यांच्यातील नाते समजून घेतले तर पुढचे बरेच प्रश्न उद्भवतच नाहीत. क्लाउनफिशची पिल्ले जन्मतः ना नर असतात ना मादी. गटात जो मासा सर्वांत मोठा आणि वरचढ ठरतो तो मादी होतो, त्याच्या खालोखालचा नर होतो आणि उरलेले छोटे मासे प्रजननाविना तसेच राहतात. मादी मेली तर नराचेच मादीत रूपांतर होते आणि त्याखालचा मासा नर म्हणून वयात येतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ मध्ये ही व्यवस्था ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली. आपल्या दृष्टीने त्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की हा प्रवास एकाच दिशेने होतो. एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. त्यामुळे सारख्याच आकाराचे दोन पूर्ण वाढलेले क्लाउनफिश ‘जोडी’ म्हणून आणले, तर त्या दोन माद्या असण्याची शक्यता बरीच असते आणि त्यांचे भांडण एकीच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकते. याउलट एक थोडे मोठे आणि एक लहान अशी दोन पिल्ले आणली, तर मोठे पिल्लू आपोआप वरचढ ठरते आणि लहान पिल्लू ते मान्य करते.

ते मान्य करणे डोळ्यांनी पाहण्यासारखे असते. मोठा मासा अंगावर धावून आला की लहान मासा पळून जाण्याऐवजी जागच्या जागी थांबतो, अंग थोडे कलते करतो आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत क्षणभर थरथरतो. ती थरथर थांबली की मोठी मादी तोंड फिरवून निघून जाते. नवख्या माणसाला हा झटका किंवा आजार वाटतो. प्रत्यक्षात जोडी जुळत असल्याची ही सर्वांत खात्रीची खूण आहे. परांच्या कडा किंचित फाटलेल्या दिसल्या तरी घाबरण्याचे कारण नाही. मात्र लहान मासा हीटरमागे किंवा पाण्याच्या पृष्ठभागालगत एका कोपऱ्यात दबून राहू लागला आणि खायलाही पुढे येईना, तर दोघांना वेगळे करण्यात दिरंगाई करू नये.

क्लाउनफिशच्या सुमारे तीस जाती आहेत. त्यांतील ऑसेलारिस आणि पर्क्युला या दोनच जाती छोट्या टाकीसाठी विचारात घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही दिसायला जवळपास सारख्या असतात. पर्क्युलाच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या काळ्या कडा अधिक जाड असतात आणि त्याच्या पाठीवरच्या परात साधारणपणे दहा काटे असतात, तर ऑसेलारिसला अकरा. मरून क्लाउनफिश रंगाने मोह पाडणारा असला, तरी त्याची मादी पुष्कळ मोठी होते आणि तिची दादागिरी छोट्या टाकीत कोणालाच सोसत नाही. टोमॅटो आणि क्लार्कीबद्दलही थोड्याफार फरकाने हेच म्हणावे लागेल.

आता पाण्याबद्दल. दोन छोट्या क्लाउनफिशना ४० लिटरांतही ठेवता येते, पण मी ७५ लिटरांच्या आसपासची टाकीच सुचवेन, कारण माशांना जागा पुरली तरी एवढ्या कमी पाण्याचे गुणधर्म स्थिर ठेवणे अवघड जाते. तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस, क्षारता दर हजारी ३५ म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, सामू ८.१ ते ८.४ आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसून घेण्याची क्षमता) ८ ते ९ डीकेएच हे आकडे बहुतेकांना माहीत असतात. मात्र नेमका आदर्श आकडा गाठण्याच्या नादात रोज काहीतरी मिसळत राहण्यापेक्षा किंचित कमी-जास्त आकडा महिनोन्‌महिने तसाच टिकवणे प्रवाळांना आणि माशांना कितीतरी अधिक मानवते.

टाकीतील नायट्रोजन चक्र, म्हणजे विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंची वाढ, पूर्ण होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतील जिवाणू वापरल्यास हा काळ कमी होऊ शकतो, पण अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचे चाचणीत दिसल्याखेरीज मासे आणू नयेत. चक्र सुरू करण्यासाठी टाकीत मासा सोडण्याची जुनी पद्धत आता सर्वांनी सोडून द्यावी. अमोनियाने त्याचे कल्ले पोळतात आणि बाटलीतील अमोनियाने तेच काम कोणत्याही जिवाला त्रास न देता होते.

आपापले अनुभव आणि शंका जरूर मांडाव्यात.

निळेपाणी

अथांग, मांडणी अतिशय उपयुक्त आहे. माझी टाकी सुमारे ६० लिटरांची असून तिचे चक्र पूर्ण होत आले आहे. विक्रेत्याकडे टाकीत पैदास झालेली ऑसेलारिसची पंधरा-वीस पिल्ले एकाच टाकीत आहेत आणि ती सगळी जवळपास सारख्याच आकाराची दिसतात. त्यांतून दोन कशी निवडावीत? दुसरे असे, की ती गटाने इतकी शांतपणे राहताना दिसतात, तर चार-पाच एकत्र आणली तर चालणार नाही का?

अथांग

निळेपाणी, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. चार-पाच आणू नयेत. विक्रीच्या टाकीत पिल्ले शांत दिसतात, कारण तिथे गर्दी असते, कोणाचीच हद्द ठरलेली नसते आणि एकाच पिल्लावर सगळा राग निघत नाही. तीच पिल्ले तुमच्या टाकीत आली, त्यांतील दोघांची जोडी जुळली आणि ती वयात आली, की उरलेल्यांचा छळ सुरू होतो. समुद्रात एका ॲनिमोनमध्ये जोडीबरोबर लहान मासे राहतात हे खरे, पण तिथे प्रत्येक जण आपल्या वरच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात लहानच राहतो. पीटर बस्टन यांनी पर्क्युला जातीचा अभ्यास करून २००३ मध्ये दाखवून दिले, की हे मासे आपली वाढ मर्यादित ठेवून वरच्या माशाशी संघर्ष टाळतात. ज्याला हाकलले जाते त्याला समुद्रात निदान बाहेर पडण्याची वाट तरी असते. ६० लिटरांच्या टाकीत ती नसते.

निवडीविषयी सांगायचे, तर घाई न करता त्या टाकीसमोर काही वेळ उभे राहावे. थोड्या वेळात एखादे पिल्लू इतरांना सतत हुसकावताना दिसेल आणि सहसा ते रेसभर मोठेही असेल. ते एक घ्यावे. दुसरे सर्वांत लहान पण हुशारीने पोहणारे आणि अन्न टाकताच पुढे येणारे असावे. कोपऱ्यात परे मिटून पडलेले, पोट खपाटीला गेलेले किंवा जोरजोराने श्वास घेणारे पिल्लू दया आली म्हणूनही घेऊ नये. विक्रेत्याला समोर खायला घालून दाखवण्याची विनंती करण्यात काहीही गैर नाही. दोन्ही पिल्ले शक्यतो एकाच वेळी टाकीत सोडावीत, म्हणजे आधी आलेल्याला हक्क गाजवण्याची सवड मिळत नाही.

मत्स्यगंधा

बहुतेक सगळे मुद्दे पटले, पण ॲनिमोनचा उल्लेख तुम्ही समुद्रापुरताच ठेवलात याचे आश्चर्य वाटले. क्लाउनफिश आणि ॲनिमोन यांचे सहजीवन हेच तर या माशाचे खरे रूप आहे. मासा शत्रूंना हुसकावून ॲनिमोनचे रक्षण करतो, त्याच्या उत्सर्जनातील अमोनिया ॲनिमोनच्या अंगातील शैवालाला मिळतो आणि परांच्या हालचालीने ॲनिमोनभोवतीचे पाणी खेळते राहते. बदल्यात माशाला आसरा मिळतो. हे सहजीवन बाजूला ठेवून जोडी पाळणे म्हणजे तिला अर्धेच आयुष्य देणे नाही का? माझ्या टाकीत बबल-टिप ॲनिमोन आहे आणि त्यात शिरून झोपलेली जोडी पाहिल्यावर ॲनिमोनशिवाय क्लाउनफिश ठेवण्याचा विचार माझ्या मनाला शिवत नाही.

अथांग

मत्स्यगंधाताई, तुमच्या टाकीतील दृश्य किती सुंदर असेल याची मला पूर्ण कल्पना आहे आणि सहजीवनाबद्दल तुम्ही लिहिलेला शब्दन्‌शब्द बरोबर आहे. माझा आक्षेप ॲनिमोनला नसून घाईला आहे. ॲनिमोनला भरपूर प्रकाश लागतो, स्थिरावलेले पाणी लागते आणि त्याला जागा पसंत पडली नाही तर ते स्वतः सरकत टाकीभर फिरते. फिरताना ते वाटेतील प्रवाळांना डंख करते आणि वेव्हमेकरला (पाण्यात प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाला) जाळी नसेल तर त्यात ओढले जाऊन चिरडते. ६० लिटरांत एक चिरडलेले ॲनिमोन एका रात्रीत सगळे पाणी नासवू शकते. म्हणून टाकी निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर चालल्याशिवाय आणि आकडे स्थिर राहिल्याशिवाय ॲनिमोन आणू नये.

अर्ध्या आयुष्याच्या मुद्द्याबद्दल मात्र मी असहमत आहे. टाकीत मोठे शत्रूच नसतात, त्यामुळे ज्या संरक्षणासाठी माशाला समुद्रात ॲनिमोन अत्यावश्यक असते ती गरज इथे उरत नाही. ॲनिमोनशिवाय क्लाउनफिश व्यवस्थित खातात, वाढतात, जोडी जमवतात आणि अंडीही घालतात. व्यावसायिक पैदाशीच्या टाक्यांत तर बहुधा काचेखेरीज मातीची कुंडी किंवा फरशीचा तुकडा एवढेच असते.

प्रवाळवेडा

या दोन्ही बाजूंमध्ये एक मधला मार्गही आहे. टाकीत पैदास झालेले क्लाउनफिश आसऱ्याच्या बाबतीत फारसे चोखंदळ नसतात. हॅमर, टॉर्च, डंकन किंवा लेदर प्रवाळात ते खुशाल मुक्काम ठोकतात आणि काही जोड्या तर हीटरच्या आडोशालाच घर मानतात. मात्र त्यांच्या सततच्या घासण्याने प्रवाळ त्रासते, हे ध्यानात ठेवावे. हॅमरचे तुकडे लहान असतील तर ते दिवसेंदिवस फुलत नाहीत. म्हणून प्रवाळ आधी चांगले वाढू द्यावे, त्याला दोन-तीन तरी मोठी मुखे असावीत आणि मगच त्यात मासे शिरले तर शिरू द्यावेत. टॉर्चच्या लांब शुंडकांचा डंख शेजाऱ्यांना लागतो, त्यामुळे त्याच्याभोवती पुरेशी मोकळी जागा सोडणे आवश्यक आहे.

ॲनिमोन आणायचेच असेल तर बबल-टिप हाच त्यातल्या त्यात समंजस पर्याय आहे. गंमत अशी, की समुद्रात ऑसेलारिस बबल-टिपमध्ये राहत नाही. तो मॅग्निफिका, जायगँटिया किंवा मेर्टेन्सी या जातींमध्ये राहतो. टाकीत मात्र तो बबल-टिप बहुधा स्वीकारतो. जायगँटियासारखी कार्पेट ॲनिमोन छोट्या टाकीत आणूच नयेत, कारण इतर मासे त्यांच्या तावडीत सापडले तर सुटत नाहीत. शिवाय जोडी लगेच ॲनिमोनमध्ये जाईल, अशी अपेक्षाही धरू नये. ॲनिमोन कधीच न पाहिलेला मासा आधी कडेने फिरतो, एखाद्या शुंडकाला परांचे टोक लावून झटकन मागे येतो, पुन्हा जातो, मग पोटाची बाजू घासतो आणि असे करत करत आत शिरतो. काहींना यासाठी तासभर पुरतो, काहींना महिने लागतात आणि काही जोड्या शेजारच्या दगडाखालीच समाधानी राहतात.

सुरुवातीच्या प्रवाळांबद्दलही सांगतो. मशरूम आणि लेदर ही नवख्यांना साधणारी प्रवाळे आहेत. ग्रीन स्टार पॉलिप आणि झिनिया वेगळ्या दगडावर ठेवावीत, नाहीतर ती सगळा खडक व्यापतात. झोआन्थिड सुंदर असतात, पण त्यांच्यातील काहींमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. ती हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा आणि ती असलेला दगड कधीही उकळू नये किंवा गरम पाण्यात टाकून घासू नये, कारण त्या वाफेतून आणि तुषारांतून माणसांना गंभीर विषबाधा झालेली आहे. हा इशारा प्रत्येक रीफ टाकीवाल्याला ठाऊक असलाच पाहिजे.

शिंपला

मला पाण्याच्या स्थिरतेबद्दल अधिक जाणून घ्यायचे आहे. छोट्या टाकीत नेमके काय बिघडते आणि ते रोखण्यासाठी कोणती उपकरणे खरोखर आवश्यक आहेत? यादी वाचावी तितकी वाढतच जाते.

भरतीओहोटी

शिंपला, सर्वांत आधी बिघडते ती क्षारता. वाफ होऊन जाते ते फक्त पाणी. मीठ टाकीतच राहते. ७५ लिटरांच्या टाकीत खडक आणि वाळू वजा जाता साधारण ६० लिटर पाणी उरते. त्यातील दोन लिटरांची वाफ झाली तर क्षारता ३५ वरून ३६ च्या पुढे जाते, आणि वरून उघड्या टाकीवर पंखा चालू असेल तर एवढी वाफ व्हायला दोन दिवसही पुरतात. मग रविवारी एकदम गोडे पाणी ओतायचे, क्षारता खाली आणायची आणि पुन्हा आठवडाभर वर जाऊ द्यायची, या झोक्यामुळे प्रवाळे मिटून जातात. भर नेहमी गोड्या पाण्याचीच घालावी, खाऱ्या नव्हे, आणि ती रोज थोडी थोडी घालावी. ऑटो टॉप-ऑफ हे यंत्र ते काम आपोआप करते. पैसे मोजकेच असतील तर चकचकीत दिव्यापेक्षा आधी त्यावर खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

क्षारता मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि तो ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने वेळोवेळी जुळवून घ्यावा. काटा हलणाऱ्या प्लास्टिकच्या हायड्रोमीटरमध्ये काट्याला बुडबुडे चिकटले की वाचन चुकते. पाणी आरओ-डीआय प्रक्रियेतून (विरघळलेले क्षार काढून टाकणाऱ्या गाळणीतून) गेलेले आणि टीडीएस (विरघळलेल्या घटकांचे प्रमाण) शून्य असलेले असावे. नळाच्या पाण्यातील फॉस्फेट, सिलिकेट आणि तांब्याचा अंश रीफ टाकीत कालांतराने अंगाशी येतोच.

हीटरकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. त्याचा थर्मोस्टॅट अडकून हीटर सतत चालू राहिला, तर छोटी टाकी काही तासांत उकाड्याने मरते. म्हणून टाकीच्या मानाने फार मोठ्या वॉटेजचा हीटर घेऊ नये आणि तो वेगळ्या तापमान नियंत्रकाला जोडावा. प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर सेंद्रिय घाण काढणारे यंत्र) मात्र एवढ्या छोट्या टाकीत अनिवार्य नाही. दर आठवड्याला दहा ते पंधरा टक्के पाणी न चुकता बदलले तर त्याच्याविना उत्तम भागते. बदलाचे खारे पाणी आदल्या दिवशी कालवून, ढवळत ठेवून आणि टाकीच्या तापमानाला आणूनच वापरावे. आणि हो, वर जाळीचे झाकण हवेच. क्लाउनफिश उडी मारतात, विशेषतः नवे असताना आणि रात्री दचकल्यावर.

निळेपाणी

दोन पिल्ले आणली आहेत आणि सध्या ती वेगळ्या क्वारंटाइन टाकीत आहेत. थरथरण्याचे वर्णन तंतोतंत जुळले. ते वाचले नसते तर मी औषध शोधायला धावलो असतो. आता शंका आजारांची आहे. क्लाउनफिशवर पांढरे काही दिसले तर ते काय आहे हे कसे ओळखावे? सगळीकडे एकच शब्द दिसतो, ‘इच’, आणि सगळीकडे वेगवेगळे औषध.

भरतीओहोटी

निळेपाणी, क्वारंटाइनचा निर्णय अगदी योग्य आहे. ओळख चुकली की औषध चुकते आणि क्लाउनफिशच्या बाबतीत हातात वेळ फार थोडा असतो, म्हणून हे नीट वाचावे.

मिठाच्या कणांसारखे सुटे, मोजता येतील असे पांढरे ठिपके, जे काही दिवसांनी गळून पुन्हा येतात, ते सागरी इचचे म्हणजे क्रिप्टोकॅरिऑनचे लक्षण आहे. त्याहून पुष्कळ बारीक, पीठ किंवा सोनेरी भुकटी भुरभुरल्यासारखा थर दिसला, मासा प्रवाहाच्या तोंडाशी जाऊन धापा टाकू लागला आणि प्रकाश टाळू लागला, तर ते मरीन व्हेल्व्हेट म्हणजे अमायलूडिनियम असण्याची शक्यता आहे. तिसरा आजार ब्रूकलिनेला. तो क्लाउनफिशना इतका होतो की त्याला क्लाउनफिशचाच आजार म्हटले जाते. यात ठिपके नसतात. अंगावर पांढुरका चिकट थर येतो, तो पापुद्र्यांसारखा सुटतो, रंग फिका पडतो आणि मासा खाणे सोडतो. समुद्रातून पकडून आणलेल्या माशांमध्ये हा अधिक आढळतो. टाकीत पैदास झालेला मासा घेण्याचे हे एक मोठे कारण आहे. दुसरे कारण अर्थातच प्रवाळखडकांवरील माशांची संख्या घटू नये हे.

इच आणि व्हेल्व्हेटवर तांबे असलेली औषधे चालतात, ब्रूकलिनेलावर मात्र ती भरवशाची नाहीत. त्यासाठी फॉर्मेलिनचे ठरावीक वेळेचे स्नान दिले जाते. फॉर्मेलिन माणसासाठीही घातक आहे, म्हणून हातमोजे, खेळती हवा आणि उत्पादनावर लिहिलेली मात्रा यांत कोणतीही तडजोड करू नये. स्नानाच्या वेळी एअरस्टोन चालू ठेवावा. विशिष्ट गुरुत्व १.००९ पर्यंत खाली आणण्याचा, म्हणजे क्षारता कमी करण्याचा उपाय इचवर लागू पडतो, व्हेल्व्हेट आणि ब्रूकलिनेलावर पडत नाही. यांतील एकही उपचार रीफ टाकीत करायचा नाही. तांब्याने कोळंबी, गोगलगायी, प्रवाळे, सगळे मरतात आणि खडक-वाळूत मुरलेले तांबे पुढेही त्रास देत राहते.

मुख्य टाकीत इच शिरलाच, तर सगळे मासे बाहेर काढून ती टाकी माशांविना ठेवावी लागते. या छंदात त्यासाठी साधारण ७६ दिवसांचा काळ धरला जातो, कारण या परजीवीच्या पुटी खडकावर दीर्घकाळ तग धरून राहतात. दोनच मासे असल्याचा हा एक फायदा. त्यांना एवढा काळ दुसरीकडे ठेवणे शक्य कोटीतले असते.

शिंपला

जोडी स्थिरावल्यावर तिसरा मासा आणावा का, आणि खाण्याचे वेळापत्रक कसे असावे?

अथांग

शिंपला, तळाशी राहणारी एखादी छोटी गोबी चालते, कारण ती जोडीच्या वाटेला जात नाही. पिस्तूल कोळंबीबरोबर एकाच बिळात राहणारी वॉचमन गोबी छोट्या टाकीत फार शोभून दिसते. डॅमसेल जातीचे मासे आणू नयेत. सफाईसाठी गोगलगायी आणि एक-दोन हर्मिट खेकडे पुरेसे आहेत.

खाणे दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल एवढेच द्यावे. बारीक पेलेट हे रोजचे खाणे आणि गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) अधूनमधून. मायसिसचा तुकडा वाटीत वितळवून, वरचे पाणी गाळून टाकून मगच घालावा, म्हणजे फॉस्फेटची भर कमी पडते.

मत्स्यगंधा

ॲनिमोनसाठी थांबण्याचा मुद्दा मला मान्य आहे. माझेही ॲनिमोन टाकी जुनी झाल्यावरच आले होते. आता एक नवी घडामोड सांगायची आहे. माझ्या जोडीने ॲनिमोनच्या बुंध्याशी दगडाचा एक भाग तोंडाने घासून अगदी स्वच्छ केला आणि काल संध्याकाळी तिथे केशरी अंड्यांचा दाट पट्टा दिसला. नर सारखा तिथेच असतो, परांनी वारा घालतो, एखादे अंडे तोंडात धरल्यासारखे करतो. मादीने तर काच पुसताना माझ्या बोटाला चावा घेतला. मी आता काय करावे?

प्रवाळवेडा

मत्स्यगंधाताई, मनापासून अभिनंदन. आधी नेहमीची कामे चालू ठेवावीत, मात्र त्या बाजूला हात घालणे टाळावे किंवा हातमोजे घालावेत. नर करतो ते अगदी बरोबर आहे. त्याच्या पंखा घालण्याने अंड्यांना प्राणवायू मिळतो आणि बुरशी लागलेली किंवा मेलेली अंडी तो तोंडाने काढून टाकतो. पहिल्या खेपेची अंडी जोडीने स्वतःच खाल्ली, तरी मन लहान करू नये. नव्या जोडीत हे सर्रास घडते आणि पुढच्या खेपांत ती सुधारते.

अंडी आज केशरी आहेत, ती हळूहळू तपकिरी होतील आणि शेवटच्या दिवसांत प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी डोळे चमकताना दिसतील. तापमानानुसार आठवडा ते दहा दिवसांत, दिवे मालवल्यानंतर एक-दोन तासांच्या अंधारात, ती सगळी एकदम फुटतात. समुद्रात या अळ्या प्रवाहाबरोबर उघड्या पाण्यात जातात आणि दहा-बारा दिवसांनी खडकाकडे परततात. रीफ टाकीत मात्र पंप, फिल्टर, प्रवाळे आणि खुद्द आईबाप यांतून त्या वाचत नाहीत. त्या वाढवायच्या असतील तर फुटण्याच्या रात्री वेगळ्या टाकीत न्याव्या लागतात आणि पहिल्या दिवसापासून रॉटिफर (पाण्यातील सूक्ष्म प्राणी) द्यावे लागतात. आर्टेमिया या छोट्या कोळंबीसारख्या जीवाची नुकतीच फुटलेली पिल्लेदेखील त्यांच्या तोंडाला सुरुवातीला मोठी पडतात. म्हणजे रॉटिफरचे संवर्धन, आणि त्या रॉटिफरसाठी सूक्ष्म शैवाल, हे सगळे अंडी दिसण्याआधीच चालू असायला हवे. म्हणून ही खेप निसर्गावर सोडावी असे मी सुचवतो. जुळलेली जोडी साधारण दर दोन-तीन आठवड्यांनी अंडी घालत राहते, त्यामुळे तयारीला पुरेसा अवधी मिळेल.

भरतीओहोटी

एक शंका माझीही. हे मासे टाकीत दहा-पंधरा वर्षे आणि त्याहून अधिकही जगतात. एवढ्या काळात मादी आधी गेली, तर उरलेल्या नरासाठी नवा जोडीदार केव्हा आणि कसा आणावा?

अथांग

भरतीओहोटी, पूर्ण वाढलेला मासा तर मुळीच आणू नये. उरलेला नर आता स्वतः मादी होण्याच्या वाटेवर असतो आणि बरोबरीच्या माशाला तो प्रतिस्पर्धी मानतो. त्याला घाई करण्याची गरज नाही. तो एकटाही नीट खातो-पितो आणि काही महिन्यांत त्याचे रूपांतर पुरे होते. त्यानंतर त्याच्या निम्म्याहूनही लहान असे टाकीत पैदास झालेले पिल्लू आणावे, त्याचा क्वारंटाइन पुरा करावा आणि मुख्य टाकीत त्याला आधी छिद्रे असलेल्या पारदर्शक पेटीत ठेवावे. पहिले काही दिवस मोठा मासा पेटीवर धडका देईल. आतल्या पिल्लाने थरथरून उत्तर द्यायला सुरुवात केली आणि धडका कमी झाल्या, की संध्याकाळी दिवे मंद करून, एक-दोन दगड किंचित हलवून आणि मोठ्या माशाला पोटभर खायला घालून पेटी उघडावी. पेटी लगेच बाहेर काढू नये. गरज पडली तर पिल्लाला त्याच रात्री पुन्हा आत घेता आले पाहिजे.